आधी कूस, मग पूस

माझी धाकटी जाऊ बेशुद्ध पडली होती आणि मी खोली झाडायला घेतली.

हसा, हसा. आता मीही हसते. तेव्हा मी चाळिशीच्या आतबाहेर होते, सातवी पास होते आणि फुलसावंगीच्या आमच्या गल्लीत सगळ्यात शहाणी मीच, असं माझं ठाम मत होतं. कुणाच्या पोटात दुखलं की लोक आधी माझ्याकडं येतात, असं मी पाहुण्यांना सांगत असे. येत कुणी नव्हतं. पण आमची पिठाची चक्की होती, आणि दळण होईपर्यंत बाईला कुठं पळून जाता येत नाही. तेवढा वेळ माझे सल्ले ऐकणं तिच्या नशिबात असे.

तर धाकलीला जमिनीवर पडलेली पाहून या शहाण्या बाईच्या डोक्यात पहिला विचार कोणता आला? आता सारं गाव गोळा होणार, आणि खोलीत हा एवढा पसारा!

समोरच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा माझ्या एका हातात झाडायचा फडा होता आणि दुसऱ्या हातात मिठाच्या पाण्याचा गिलास. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, धाकलीकडं पाहिलं, आणि गिलासावर असा फटका मारला की तो भिंतीवर जाऊन आपटला.

"आधी कूस, मग पूस!" त्या ओरडल्या. "वळव तिले!"

आधी माणसाला कुशीवर वळवा, विचारपूस मागून करा. ही त्यांची म्हण. त्यांनीच केलेली आणि त्यांनीच गावभर वाटलेली. पोलिओच्या थेंबासारखी त्यांनी ती घरोघर पाजली.

त्यांना गावात कुणी नावानं हाक मारली नाही. सगळ्यांच्या त्या सिस्टर. अंगानं भरदार, आवाज गावच्या भोंग्याला लाजवेल असा. डोळ्यांवर काळा गॉगल, आणि खाली बिचारी लुना. लुना पुढं दिसायची नाही, मागं दिसायची नाही. दुरून पाहणाऱ्याला वाटायचं, सिस्टर बसल्या बसल्याच रस्त्यानं सरकत येऊन राहिल्या आहेत. पांढऱ्या साडीची इस्त्री मोडलेली मी कधी पाहिली नाही. बाळंतपण करून पहाटे निघाल्या तरी त्या लग्नाला निघाल्यासारख्या दिसायच्या.

पर्समध्ये काय नसे? हातमोजे, कात्री, सुई-दोरा, सुपारीची डबी, आणि एक आरसा. आरसा कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "दोन कामं. बेशुद्ध माणसाचा श्वास पाहाले अन् माही टिकली पाहाले."

बस थांब्यासमोर एक गृहस्थ दुपारीच टाकून उताणे पडलेले असत. सिस्टरची लुना तिथं थांबायची. त्या पदर खोचून उतरायच्या, त्याला कुशीवर वळवायच्या, वरचा गुडघा वाकवून पुढं टेकवायच्या आणि निघून जायच्या. शिवी नाही, उपदेश नाही. एकदा तो शुद्धीवर असताना चक्कीवर आला आणि मलाच विचारू लागला, "वहिनी, मी झोपतो उताणा, उठतो त कुशीवर. रोज मले कोन वळवून राह्यलं?" मी म्हटलं, "तुमचे पूर्वज." घाबरून तो बरेच दिवस सुधारला होता. सिस्टरना कळलं तर मलाच बोलल्या. "त्याले भेव नको दाखवू. भेलेला माणूस घरात लपून पितो. तिथं मी कशी वळवू त्याले?"

त्या पुसदच्या, बौद्ध समाजातल्या. आमच्या सासूबाईंनी त्यांच्यासाठी ओसरीच्या कोनाड्यात वेगळा कप ठेवला होता. फुटका नाही, चांगला, निळ्या फुलांचा. कप चांगला ठेवला म्हणजे आपणही चांगले, अशी आमची समजूत. आमची म्हणते, कारण त्या कपात चहा ओतणारी मीच होते. सिस्टर ओसरीवर बसून चहा पीत, कप स्वतः विसळत, परत कोनाड्यात ठेवत. सगळ्या गावाला फडाफडा बोलणारी बाई तेवढ्यापुरती गप्प असे. मला ते गप्प राहणं कधी ऐकू आलं नाही. चक्कीच्या आवाजात मी अर्धी बहिरी झाले होते, उरलेली अर्धी माझ्याच बोलण्यानं.

तर तो दिवस.

त्याच्या आधी बरेच दिवस धाकली गप्प गप्प होती. आम्हा दोघींचं रोज वाजायचं. पाण्यावरून, चुलीवरून, कुणाचा गडू कुणी उचलला यावरून. हळूहळू ती भांडेनाशी झाली. मी काहीही बोलले तरी "बरं बाई" म्हणून निघून जायची. ताटात भाकर तशीच राहायची. पहाटे मी उठले की ही अंधारात डोळे उघडे ठेवून बसलेली दिसायची. आणि मला काय वाटलं? अखेर हिला थोरल्या जावेचा मान ठेवता यायला लागला! मी खुशीत होते.

त्या सकाळी तिनं तिची मोरपंखी साडी माझ्या हातात आणून ठेवली. तिच्या माहेरची, तिच्या जिवाची. मी मागितली तेव्हा कधी नेसायला दिली नव्हती.

"घ्या बाई, तुमीच नेसा. मले आता नाई लागत."

मी 'काहून नाई लागत?' असं विचारलं नाही. साडी अंगाला लावून आरशात पाहिलं.

दुपारी लाईन गेली आणि चक्की थांबली. माझे मालक आणि दीर वावरात होते, सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी धाकलीला जेवायला हाक मारायला गेले, तर ती खाली पडलेली. बाजूला फवारणीच्या औषधाचा डबा. हाक मारली, ओ नाही. गालावर थापट्या मारल्या, काही नाही. घशातून घरघर येत होती, तेवढीच.

आणि मग मी जे जे केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. तो डबा उचलला आणि मागच्या उकिरड्यावर फेकला. लोकांनी पाहू नये म्हणून. तिची साडी खराब झाली होती ती सोडली आणि तीच मोरपंखी साडी आणून अंगावर गुंडाळली. तिला उताणी नीट निजवून डोक्याखाली जाड उशी दिली. केस सारखे केले. खोली झाडली. मग आठवलं की असल्या वेळी मिठाचं पाणी पाजून उलटी करवतात, म्हणून मीठ कालवलं. मग वाटलं, ताक बरं का मीठ बरं? यावर विचार करत उभी राहिले. एवढं सगळं झाल्यावर मला ओरडायचं सुचलं.

किती वेळ गेला, मला माहीत नाही. शरमेला घड्याळ नसतं.

सिस्टर रस्ता ओलांडून आल्या त्या ओसरीवर थांबल्या नाहीत. सरळ आत आल्या. मागोमाग सासूबाई आल्या, त्यांनी सिस्टरना आतल्या खोलीत पाहिलं. धाकलीच्या पायाशी बसल्या आणि तिचे तळवे धरून राहिल्या.

सिस्टरनी हातमोजे चढवले. धाकलीचे खांदे हलवून कानाशी मोठ्यानं हाक मारली. मग स्वतःचा गाल तिच्या नाकाशी नेला आणि डोळे छातीवर ठेवले. एवढी धडधाकट बाई, पण त्या घटकेला पान हललं तरी ऐकू यावं अशी स्तब्ध झाली होती.

"श्वास हाय," त्या म्हणाल्या. "खिडकी उघड. उशी काढ. कायले देल्ली उशी? मान मुडपली का गळा बंद होते."

मी उशी ओढली.

"इकडं ये. पलीकडचा गुडघा उभा कर तिचा. आता खांदा धर, कंबर धर. ओढ आपल्याकडं. भेऊ नको, मोडत नाई ते."

धाकली कुशीवर आली. सिस्टरनी तिचा वरचा गुडघा पुढं टेकवला, म्हणजे माणूस परत उलटत नाही. तिचाच हात गालाखाली दिला. हनुवटी जरा वर उचलली, तोंड जमिनीकडं केलं. तोंडातला दिसणारा फेस फडक्यानं पुसला. आणि काय सांगू, ती घरघर होती ना, ती कमी झाली. कुणी नळीतला बोळा काढावा तशी.

"तोंडात काय घातलं?"

"काई नाई. घालनार होती."

"वाचली तुह्या हातून. बेशुद्ध माणसाले गिळता येत नाई वं. पाणी नाई, मीठ नाई, ताक नाई, अंडं नाई. उलटी करवाची नाई. जे घालशीन ते छातीत जाईन." मग साडीकडं पाहून म्हणाल्या, "अन् हे काय? नवरी निघाली का? जुने कपडे काढले, हे एक काम चुकून बरोबर केलं तू. आता साबन-पाणी आन, हात अन् गळा पुसून घेऊ. उघड्या हातानं नको, पिशव्या चढव."

आम्ही पुसून घेतलं. दारात माणसं जमली होती. कुणी कांदा आणला होता नाकाला लावायला, कुणी चप्पल. एका आजीबाईंनी विचारलं, "काहून केलं असन वं असं?" आणि झालं. सगळ्यांची तोंडं सुटली. कुणी म्हणे नवऱ्याशी वाजलं, कुणी म्हणे बाहेरची बाधा आहे.

सिस्टर मागं न वळता गरजल्या, "आधी कूस, मग पूस! ज्याले पुसाचं हाय त्यानं गाडी आना पहिले!"

दोघंतिघं धावले. सिस्टर माझ्याकडं वळल्या.

"काय पिली?"

"नाई माईत."

"डबा?"

मी जमिनीकडं पाहिलं. "फेकला."

"कुठी?"

"उकिरड्यावर."

त्यांनी दम घेतला. मला वाटलं, आता दुसरा फटका माझ्या गालावर. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जाय, उकर. डॉक्टरले त्याच्यावरूनच समजते, काय द्याचं ते. पिशवी घालूनच हात लावजो."

आमच्या उकिरड्याचं वर्णन मी करत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. सातवी पास शहाणी बाई त्यात कमरेपर्यंत वाकून उकरत होती आणि सारं गाव कुंपणावरून पाहत होतं. ज्यांनी पाहू नये म्हणून फेकला, त्यांच्याच समोर तो डबा मी काढला. कागद शाबूत होता, नाव वाचता येत होतं.

महागावकडं जाणारी काळीपिवळी जीप आणली होती. ड्रायव्हर कुरकुरला, "सिस्टर, केस होईन ना."

"केस माह्यावर टाकजो. तू गिअर टाक, पुसदले घे."

आत बसलेली माणसं आपापल्या भाजीच्या पिशव्या घेऊन मुकाट खाली उतरली. धाकलीला लांब सीटवर कुशीवरच निजवलं. मी खाली फळीवर बसले, तिच्या समोर, कमरेला हात लावून. सिस्टर तिच्या डोक्याशी, हनुवटीला दोन बोटांचा टेका देऊन.

"तिच्या छातीकडं पाह्य," त्या म्हणाल्या. "हालते ना? हालाची थांबली का त्याच घडीले मले सांगजो. मंग मी छाती दाबीन. तोवर तुहं काम पाहाचं."

मी देवीला नवस बोलायला लागले, डोळे मिटून.

"देवीले सांग, पण डोये उघडे ठेव. तिले तुहे डोये नाई लागत, हिले लागते."

रस्त्यात एका खड्ड्यात गाडी आदळली आणि धाकलीला उलटी झाली. सगळी माझ्या पायांवर. मी किंचाळले. सिस्टर शांतपणे तिचं तोंड पुसत म्हणाल्या, "ओरडू नको, साखर वाट. पाठीवर असती त हेच छातीत उतरलं असतं. कुशीवर हाय म्हून तुह्या पायावर आलं."

त्यानंतर पुसदपर्यंत मी बोलले नाही. माझ्या आयुष्यातला तो विक्रम अजून कुणी मोडला नाही. मीही नाही. नजर फक्त त्या छातीवर. वर गेली. खाली आली. वर गेली. ज्या बाईशी मी गडूवरून भांडत होते तिनं फक्त एकदा, अजून एकदा श्वास घ्यावा, यापलीकडं मला जगात काही नको होतं. सगळे गडू तुझे गं बाई. चूल तुझी. पाण्याची पहिली खेप तुझी.

दवाखान्यात डॉक्टरनी पहिला डबाच मागितला. वाचला आणि आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, "डबा कुणी आणला? बरं झालं."

मी मान खाली घातली. सिस्टरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "हिनं. लय हुशार बाई हाय. सातवी पास."

झाडणं, फेकणं, मीठ कालवणं, यातलं एक अक्षर त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. माझ्या मालकांना नाही, सासूबाईंना नाही. आज मीच सांगते आहे.

धाकली वाचली. घरी आली ती सुकून काडी झालेली. हे लिहायला तिनंच परवानगी दिली, पण अट घातली, "कारण नाई लिहाचं बाई. ते माहं हाय." म्हणून लिहीत नाही. गावानं लावलेली सगळी कारणं चुकीची होती, एवढं सांगते.

ती घरी आली तसे लोक यायला लागले. हातात नारळ आणि तोंडात प्रश्न. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे उलटतपासणी घ्यायची, अशी रीतच आहे. सिस्टरनी ओसरीवर खुर्ची टाकली आणि दुपारभर तिथं बसू लागल्या. "नारळ ठेवा, चहा घ्या, कपाशीचं सांगा, लग्नाचं सांगा. 'काहून केलं' हे ज्यानं इचारलं त्याले मी सुई टोचीन." एका जाड्या पाहुण्यानं विचारलंच. सिस्टरनी खरंच पर्स उघडली. तो चहा न घेता गेला.

फवारणीची औषधं लोखंडी पेटीत गेली, पेटीला कुलूप आणि किल्ली दिराच्या करदोड्याला. तेही सिस्टरचंच फर्मान. पुसदला मनाचे डॉक्टर बसायचे, त्यांच्याकडं धाकलीला नेलं, गोळ्या सुरू झाल्या. दीर कुरकुरला, "लोक येडी म्हनतीन." सिस्टर म्हणाल्या, "साखरेच्या गोळ्या तुहा बाप खात होता ना? त्याले कोनी गोड म्हने का?"

सिस्टर ओसरीवर बसू लागल्या त्या पहिल्याच दुपारी सासूबाईंनी चहा केला आणि घरातल्या कपात ओतून सिस्टरना आत बोलावलं. सिस्टर उठल्या, कोनाड्यातला तो निळ्या फुलांचा कप काढला आणि आत घेऊन आल्या. "माहा चहा याच्यातच द्या. याले बी घर आतून पाहू द्या." चहा पिऊन कप विसळला आणि घरच्या कपांच्या रांगेत मधोमध ठेवला. सासूबाई पदरानं डोळे पुसत चुलीकडं वळल्या. तो कप पुन्हा बाहेर गेला नाही.

मग चक्कीवर शाळा सुरू झाली. लाईन गेली की दळणाच्या बाया रिकाम्या बसत, आणि सिस्टर त्यांना कूस शिकवत. बेशुद्ध पडायला मला सांगत. मी पोत्यांवर पडायची आणि बाया मला वळवायच्या. कधी गल्लीतल्या, कधी तांड्यावरच्या. एकीनं मुद्दाम गुदगुल्या केल्या. मी हसले तर सिस्टर म्हणाल्या, "बेशुद्ध माणूस हसत नाई. अन् बोलत तर नाईच. तुले नाई जमाचं हे काम." पण मी पडत राहिले. इतकी पडले की गावातल्या अर्ध्या बायांना माझं वजन तोंडपाठ झालं.

पुढं एकदा वरच्या आळीत एक जण असाच सापडला. सिस्टर लुनावरून पोचल्या तेव्हा बायांनी त्याला कुशीवर वळवून ठेवला होता, डबा पिशवीत बांधला होता आणि ॲम्बुलन्सला फोन गेला होता. सिस्टरनी त्याचा श्वास पाहिला, नाडी पाहिली. करायला काही उरलं नव्हतं. तशा त्या पायरीवर बसल्या आणि गॉगल काढून पदरानं पुसत राहिल्या. बराच वेळ पुसला. तोही माणूस वाचला.

त्या आता नाहीत. निवृत्त होऊन पुसदला मुलाकडं गेल्या होत्या, तिथंच झोपेत गेल्या. कुशीवर, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. मी एवढ्या लोकांत मोठ्यानं हसले आणि मग मला आवरेना. उपकेंद्रात आता नवी पोरगी आहे. चांगली आहे, मोबाईलवर सगळं भरते. लुना कुठं गेली कोण जाणे.

पण एक सांगायचं राहिलं. त्या म्हणीचे दोन भाग होते, आणि मी पहिलाच शिकले होते.

धाकली घरी आल्यापासून मी तिच्याशी सगळं बोलत होते. मीठ जास्त झालं का, केस गळतात का, माहेरी फोन केला का. एक गोष्ट सोडून. सिस्टर चक्कीवर आल्या की हळूच विचारत, "पूस केली का?"

"इचारू कशी, सिस्टर? ते इसरली असन. मी इचारलं त आठवन होईन ना."

"ते इसरली असं वाटते तुले?" त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. "इचारल्यानं कोनी मरत नाई वं. आडवळनानं नको, सरळ नाव घेऊन इचार. अन् हो म्हनली त पळू नको. बस तिच्यापाशी. मंग मले हाक मार, का डॉक्टरकडं ने. पण पहिले बस."

मी हो हो म्हटलं आणि चक्कीच्या दगडांना टाकी लावायची राहिली आहे, असं काहीतरी काढून आत पळाले. जी बाई कुणालाही काहीही विचारायची तिची जीभ या एका प्रश्नाला लुळी पडली. खरं सांगू? मला उत्तराचं भेव वाटत होतं. ती हो म्हणाली तर? त्या साडीच्या सकाळी मी आरशात पाहत होते, हे तिलाही माहीत होतं, मलाही.

सिस्टरचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. उपकेंद्रात हारतुरे झाले, भाषणं झाली. त्या निघाल्या आणि चक्कीसमोर लुना थांबवली. उतरल्या नाहीत. इंजिन चालूच ठेवलं.

"चक्कीवाली, सारं गाव शिकलं. तुही अर्धी म्हण बाकी हाय."

"करते ना."

"कवा? मी आता नाई राह्यत समोर. तुलेच पाहा लागन." त्यांनी गॉगल चढवला. "ते पाह्य, दारातच बसली हाय."

लुना फटफटत गेली. वळणावर दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता, आणि मग तोही थांबला. त्याच वेळी लाईन गेली. चक्कीचा पट्टा फिरत फिरत मंदावला, दगड थांबले. एवढी शांतता की धाकली उंबऱ्यात बसून तुरीच्या डाळीतले खडे वेचत होती, तो एकेक खडा ताटलीत पडलेला ऐकू येत होता.

मी जाऊन तिच्या शेजारी बसले. हाताला पीठ, भुवयांना पीठ. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा म्हटलं,

"धाकले, अजून येते का वं मनात, मराचं?"

तिचा हात डाळीत थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मला कळलं की उत्तर काय येणार आहे, आणि माझे पाय आपोआप उठायला लागले. कोपऱ्यात फडा उभा होता, अंगणात पाचोळा पडला होता, तेवढा काढून यावा असं मला फार फार वाटलं. माझा हात फड्याकडं गेलाही असावा.

धाकलीनं माझा पदर धरला.

"येते बाई. पहिल्यापेक्षा कमी, पण येते. कोनी इचारलंच नव्हतं. आता बसा इथं माह्यापाशी, बोलू नका, अन् उठून झाडू नका."